वाचक विचारतात: राळ कोणती, कशासाठी आणि किती तापवायची?

राळेविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे तांबटकाम, फळबाग, रंगमंच, दुरुस्तीची दुकाने अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आली. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी मात्र दोनच गोष्टी आढळल्या. एक तर दुकानातून भलतीच राळ आली होती, नाहीतर ती प्रमाणाबाहेर तापली होती.

प्रश्न: दोन काष्ठौषधीवाल्यांकडून राळ आणली. एकाने मधाच्या रंगाचे, काचेसारखे पारदर्शक खडे दिले. दुसऱ्याने पांढुरके, मातकट, ठिसूळ तुकडे दिले. दोघेही आपलीच राळ खरी म्हणतात. कोणाचे मानायचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर: दोघांचेही बरोबर आहे, फक्त झाडे वेगळी आहेत. आयुर्वेदात जिला सर्जरस म्हणतात ती साल वृक्षाची राळ. मध्य प्रदेश, छत्तीसगडपासून पूर्वेकडे झारखंड, ओडिशाच्या जंगलांत हे झाड आहे. तिचे खडे धुरकट, फिकट आणि सहज चुरडणारे असतात. पारदर्शक खडे चीड या हिमालयातल्या पाइनच्या झाडाचे. उत्तराखंड, हिमाचल आणि जम्मू-काश्मीर इथे चिडाच्या खोडातून चीक काढतात. तो गंधबिरोजा. वाफेवर त्याचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन उडून वेगळे होते आणि भांड्यात उरते ती ही राळ. आज किराणा आणि हार्डवेअरच्या दुकानात नुसती ‘राळ’ मागितली तर बहुधा हीच मिळते. तिसरी राळ डॅमर. ती बरीचशी आग्नेय आशियातून येते. आपल्याकडे पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या धुपाच्या झाडाची पांढरी राळही तिच्याच जातकुळीतली.

घरी पारख करायची तर हरभऱ्याएवढा खडा कुटून दोन चमचे स्पिरिटमध्ये टाका आणि तासभर अधूनमधून हलवा. चिडाची राळ पूर्ण विरघळते, तळाशी राहील ती माती किंवा साल. डॅमर पूर्ण विरघळत नाही, पांढरट गाळ राहतो. खडा स्पिरिटला दाद देत नसेल आणि पाण्यात मात्र फुगून चिकट होत असेल, तर दुकानदाराने डिंक दिला आहे. डिंक पाण्यात विरघळतो आणि तेलात नाही. राळेचे नेमके उलटे.

राळेत दगड, रेती किती आहे हे पाहायला लिटरभर पाण्यात 350 ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात राळेचे तुकडे सोडा. राळ साध्या पाण्यात बुडते, पण या मिठाच्या पाण्यात तरंगते. दगड-माती तळाला जाते. चाळणीने वर तरंगलेली राळ काढा, दोनदा गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. ओली राळ तापवली तर पाण्याची वाफ होऊन ती उसळते आणि अंगावर उडते.

यापुढच्या उत्तरांत नुसते ‘राळ’ म्हटले आहे तिथे चिडाची राळ समजावी.

प्रश्न: चांदीच्या मुखवट्यांचे आणि प्रभावळीचे उठावकाम शिकतो आहे. राळेच्या पाटावर पत्रा बसवला की उन्हाळ्यात तो खचतो आणि थंडीत ठोकताना राळेचे तुकडे उडतात. प्रमाण कसे धरावे? (एक शिकाऊ कारागीर, कोल्हापूर)

उत्तर: ठोकणीखाली राळ हवी तेवढीच दबली पाहिजे आणि बाकीच्या पत्र्याला घट्ट धरून राहिली पाहिजे. नुसती राळ हे करू शकत नाही, कारण ती काचेसारखी फुटते. विटेची पूड तिला अंग देते, तेल तिला लवचिक करते.

एक किलो राळेला एक किलो विटेची पूड आणि 80 मिली गोडे तेल, इथून सुरुवात करा. एप्रिल-मेमध्ये तेल 50-60 मिलीवर आणा. डिसेंबर-जानेवारीत 100 मिलीपर्यंत न्या. जाड तांब्याच्या पत्र्यावर खोल उठाव काढायचा असेल तर मिश्रण थोडे मऊ ठेवा, बारीक रेघांचे काम असेल तर कडक. पूड जुन्या भाजक्या विटेची, मैद्याच्या चाळणीतून काढलेली आणि तव्यावर कोरडी भाजून घेतलेली हवी. एवढासा ओलावा राहिला तरी फेस येतो, मग राळेत पोकळ्या राहतात आणि नेमक्या त्या जागी पत्रा फाटतो.

जाड बुडाच्या, निम्मेच भरेल अशा लोखंडी भांड्यात राळ मंद आचेवर वितळवा. ती 75 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि सव्वाशेपर्यंत चांगली पातळ होते. तेवढे पुरे. पांढरा धूर निघू लागला की आच जास्त झाली. पावणेदोनशे-दोनशे अंशांच्या टप्प्यात तिची वाफ पेट घेऊ शकते. पातळ झाली की भांडे खाली उतरवून तेल घाला. पूड मूठमूठ पेरत लाकडी दांड्याने एकाच दिशेने ढवळा. भांड्याचे झाकण हाताशी ठेवा. पेट घेतला तर झाकण घालून विस्तव बंद करायचा, पाणी ओतायचे नाही.

ओतण्यापूर्वी नमुना बघा. चमचाभर मिश्रण थंड फरशीवर टाका आणि पूर्ण गार झाल्यावर अंगठ्याचे नख रोवा. नखाचा पुसट वण उठला पाहिजे. नख आत शिरले तर पूड वाढवा. वण उठलाच नाही आणि कड मोडताना कट् आवाज आला तर पाच-दहा मिली तेल घाला. ही परीक्षा मिश्रण गार झाल्यावरच खरी ठरते, कोमट असताना सगळेच मऊ लागते.

पत्रा बसवताना त्याच्या मागच्या बाजूला तेलाचा पुसट हात फिरवा, म्हणजे नंतर राळ सुटायला सोपी जाते. राळेचा वरचा थर शेगडीच्या ज्योतीने मऊ करा, पत्राही कोमट करा आणि एका कडेपासून दाबत जा, म्हणजे खाली हवा अडकत नाही. चारी कडा राळेत किंचित बुडल्या पाहिजेत. बोटाने टिचकी मारून ऐका. भरीव आवाज आला तर पत्रा बसला. पोकळ आवाज आला तर काढून पुन्हा बसवा. पोकळीवर एक जरी घाव बसला तरी तो खड्डा नंतर भरून निघत नाही. काम झाल्यावर पत्रा गरम करून उचला आणि चिकटलेली राळ टर्पेंटाइनने पुसा. चांदी लाल करून राळ जाळून टाकू नका. राख खाचांत बसते आणि उजाळा देताना डाग राहतात.

प्रश्न: गावच्या दशावतारात राक्षसाच्या प्रवेशाला राळ उडवायची आहे. जुने जाणते लोक आता नाहीत. खडे मशालीवर टाकले तर नुसते काळे धूर काढत वितळतात. (मंडळाचे कार्यकर्ते, सिंधुदुर्ग)

उत्तर: खडा भडकत नाही, भडकते ती हवेत पसरलेली पूड. पूड जितकी बारीक तितका तिच्या भोवती हवेचा संपर्क जास्त, आणि सगळे कण एकाच क्षणी पेटल्यामुळे ज्वाळेचा लोट उठतो. राळ खलात कुटून मलमलीच्या कापडातून गाळा. कुटताना ती गरम होऊन चिकटते, म्हणून थोडी थोडी आणि सकाळच्या थंडाव्यात कुटा. दमट हवेत पूड धरून बसते, तेव्हा डब्याचे झाकण घट्ट ठेवा.

एका वेळी दोन बोटांत मावेल एवढीच चिमूट घ्या. मशाल स्थिर असावी. पूड वरून ओतायची नाही, ज्योतीच्या बाजूने वर फेकायची. वारा उडवणाऱ्याच्या पाठीकडून हवा. नट आणि प्रेक्षक तीन-चार मीटर दूर, वर मंडपाचे कापड नको, आणि उडवणाऱ्याच्या अंगावर सुती कपडे. नायलॉनचे जरीकाम आणि खोटे केस हा यातला सर्वांत मोठा धोका. पुडीचा डबा ज्योतीजवळ उघडा ठेवू नका, कारण डब्यात ठिणगी पडली तर ती चिमटीची ज्वाळा राहत नाही. बंदिस्त सभागृहात हा प्रकार करूच नये. तिथे केशरी दिव्याच्या झोताने काम भागवा.

वितळलेली राळ कातडीला चिकटली तर ती ओढून काढायची नाही, कातडीही सोबत निघते. वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली हात धरा आणि राळ तशीच ठेवून डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: टाचांच्या भेगांसाठी राळेचे मलम घरी करते. कधी रवाळ होते, कधी इतके चिकट की मोज्याला चिकटून निघते. (एक वाचक, लातूर)

उत्तर: इथे सालाची राळ मिळाली तर उत्तम, पण स्वच्छ केलेली चिडाची राळही चालते. तिळाचे तेल 100 ग्रॅम, राळेची कपड्यातून गाळलेली पूड 20 ते 25 ग्रॅम, मधमाश्यांचे मेण 10 ग्रॅम. राळ यापेक्षा वाढली की मलम डिंकासारखे ओढते. तुमच्या मोज्यांचे कारण हेच असावे.

तेल मंद आचेवर गरम करा. धूर येता कामा नये. पूड चिमटीचिमटीने टाका आणि आधीची विरघळल्याशिवाय पुढची टाकू नका. सगळी एकदम ओतली की तिचे गोळे होतात. बाहेरून वितळतात, आत कोरडे राहतात आणि थंड झाल्यावर तेच रवे हाताला लागतात. पूड विरघळली की मेण घाला आणि गरम असतानाच दुपदरी मलमलीतून गाळा. रुंद तोंडाच्या बाटलीत भरून गार होईपर्यंत हलवू नका.

जुन्या पद्धतीत हे तेल परातीत थंड पाण्याबरोबर फेसतात. पाणी बदलत गेले की मलम पांढरे, हलके आणि गार लागणारे होते. ते लावायला फार सुखद असते. पण त्यात पाणी अडकलेले असल्यामुळे ते महिन्याभरात वास मारू शकते, म्हणून तसे करायचे तर लहान डबीपुरतेच करा. मेणाचे मलम जास्त टिकते.

रात्री पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बुडवा, मऊ झालेली मृत कातडी हलक्या हाताने घासा, पाय पुरते कोरडे करा, मग मलम भेगेत दाबून बसवा आणि वर जुना सुती मोजा घाला. राळ बाहेरून थर धरते, त्यामुळे आतला ओलावा टिकतो आणि भेग उघडत नाही. म्हणूनच कोरड्या टाचेवर नुसते चोपडून काही साधत नाही.

राळेची काही जणांना त्वचेवर पुरळ येण्याइतकी ॲलर्जी असते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस पाहा. मधुमेह असेल, भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, तर घरगुती मलम लावत बसू नका. डॉक्टरांना पाय दाखवा.

प्रश्न: घरातल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या अजून मऊ आहेत. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1940-50च्या सुमारास छापलेली पुस्तके मात्र पान उलटताच तुटतात. यात राळेचा दोष आहे असे ऐकले. खरे आहे का? (एक ग्रंथपाल, पुणे)

उत्तर: खरे आहे, फक्त राळ एकटी दोषी नाही. कागदावर शाई फुटू नये म्हणून त्याला काहीतरी पाजावे लागते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी हातकागदाला खळ लावून दगडाने घोटत. पुढे जर्मनीत मोरित्स इलिग याने 1807 मध्ये राळेची कृती प्रसिद्ध केली. राळेचा साबण लगद्यातच मिसळायचा आणि तुरटीने तो तंतूंवर बसवायचा. यंत्रावर झरझर निघणाऱ्या कागदाला ही रीत फार सोयीची पडली आणि जगभर रूढ झाली.

घात तुरटीने केला. ती कागदात हळूहळू आम्ल तयार करते आणि ते आम्ल कागदाचे तंतू ज्याचे बनलेले असतात त्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत जाते. उष्णता आणि दमटपणाने वेग वाढतो. त्यात स्वस्त कागदासाठी लाकूड नुसते दळून केलेला लगदा असला, तर पिवळेपणाही भरपूर येतो. पोथ्यांच्या कागदात चिंध्यांचे लांब, मजबूत तंतू असत आणि अशी तुरटीही नसे, म्हणून त्या टिकल्या. पोथीतही काही ठिकाणी फक्त अक्षरांच्या जागी कागद जळल्यासारखा दिसेल. ते काम लोहयुक्त शाईचे आहे.

जे तुटले ते पूर्ववत होत नाही, पुढची हानी कमी करता येते. पानांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पुस्तक आम्लरहित कागदात गुंडाळून आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवा. पत्र्याच्या छपराखालचा माळा आणि ओल येणारी भिंत दोन्ही टाळा. वर्तमानपत्राची कात्रणे पुस्तकात ठेवण्याची सवय सोडा. कात्रणातले आम्ल शेजारच्या पानांत उतरते आणि तेवढ्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटतो. पुस्तक दुर्मीळ असेल तर ते आधी स्कॅन करून घ्या. वाचक ते हाताळत राहिले तर बाकी काळजी वाया जाते.

प्रश्न: कलमाचे मेण घरी कसे करावे? विकतचे परवडत नाही. (एक बागायतदार, रत्नागिरी)

उत्तर: वजनाने राळ 4 भाग, मधमाश्यांचे मेण 2 भाग, जवसाचे तेल 1 भाग. राळ आधी वितळवा, मग मेण, आच बंद करून शेवटी तेल. मिश्रण बादलीभर थंड पाण्यात बारीक धारेने ओता. हाताला तेल लावून गोळा काढा आणि रंग फिका होईपर्यंत मळा. कोकणातल्या उन्हाळ्यात ते ओघळते, तेव्हा मार्चनंतर तेल अर्धा भागच घाला.

लावताना ते हाताच्या उबेने मऊ केलेले असावे. कढत मेण सालीखालच्या जिवंत थरावर पडले तर तो थर मरतो आणि कलम जोडतच नाही. जखम ओली असेल तर मेण धरत नाही, चीक निथळू द्या. तुमची कोय कलमे किंवा मृदुकाष्ठ कलमे असतील तर प्लॅस्टिकच्या पट्टीने सांधा घट्ट बांधलात की मेणाची गरज उरत नाही. जुन्या आंब्याच्या मोठ्या फांद्या छाटल्यावर मेणापेक्षा बोर्डो पेस्ट बरी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मेण राखून ठेवा ते जुन्या झाडावर खुंटी कलमे बांधताना उघड्या पडणाऱ्या टोकांसाठी.

प्रश्न: पीठ गिरणीचा पट्टा घसरतो. त्यावर राळ टाकावी का? (एक गिरणीचालक, बीड)

उत्तर: टाकू नये. तासभर पकड येते, मग राळ घर्षणाने वितळून पट्ट्यावर आणि पुलीवर चकचकीत थर धरते आणि पट्टा आधीपेक्षा जास्त घसरतो. रबर कडक होऊन भेगाळते. शिवाय राळेची धूळ पिठात जाते. पुली पुसून काढा, दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी धरून पाहा आणि ताण वाढवा. व्ही पट्टा पुलीच्या खाचेच्या तळाला टेकत असेल तर तो झिजला आहे, बदला.

प्रश्न: रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीत डबीतली पेस्ट वापरतो. काही महिन्यांनी सांधे हिरवे पडतात. राळ वापरल्याने हे थांबेल? (एक दुरुस्ती कारागीर, नागपूर)

उत्तर: थांबेल. हिरवेपणा दिसतो म्हणजे ती पेस्ट नळकाम किंवा पत्राकामाची, झिंक क्लोराइडची असणार. तिचा अंश राहिला की दमट हवेत तांबे खात राहतो. राळेतले आम्ल सौम्य असते. ते गरम असताना तांब्यावरचा ऑक्साइड काढते आणि थंड झाल्यावर घट्ट होऊन निष्क्रिय पडते.

25 ग्रॅम स्वच्छ राळ 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर भिजवा, गाळा आणि ब्रशने लावा. हा द्राव बाटलीत बुचाने बंद ठेवा, नाहीतर अल्कोहोल उडून जाते. कथील-शिशाच्या तारेसाठी बिटचे, म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या टोकाचे, तापमान 320 ते 350 अंश ठीक. राळ काळी पडून बिटला चिकटू लागली तर तापमान जास्त आहे. उरलेला थर चिकट लागत असेल तर त्याच अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने काढा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा धूर रोज नाकात गेला तर दमा जडू शकतो. छोटा पंखा असा ठेवा की धूर तुमच्यापासून दूर ओढला जाईल, आणि सांध्यावर वाकून काम करू नका.

प्रश्न: व्हायोलिनच्या गजाला किराणा दुकानातली राळ लावली तर चालेल? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर: नको. तिच्यात बारीक रेती असते, ती गजाचे केस कापते आणि तारा घासते. वाद्यांच्या दुकानातली वडी घ्या. नव्या वडीचा गुळगुळीत पृष्ठभाग आधी बारीक पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर ती केसांना लागतच नाही. रोजच्या रियाजाआधी तीन-चार हात पुरतात. जास्त लावली की आवाज खरखरतो. वाजवून झाल्यावर तारांवरची आणि वाद्यावरची पांढरी पूड कोरड्या मऊ कापडाने पुसा. वाद्य स्पिरिटने पुसू नका, राळेबरोबर वाद्याचे रोगणही निघून येते.

प्रश्न: कपड्यावर राळ सांडून कडक झाली आहे. गरम पाण्याने धुतल्यावर डाग पसरला. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: गरम पाण्यात राळ मऊ होते, विरघळत नाही, म्हणून ती धाग्यांत आणखी शिरली. कपडा दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि कडक झालेला थर बोथट सुरीने खरवडा. मग डागाखाली जुने फडके ठेवून वरून स्पिरिटचा बोळा दाबत राहा. घासू नका, फडक्याची जागा बदलत राहा. राळ खालच्या फडक्यात उतरेल. शेवटी साबणाने धुवा. रेशीम किंवा कच्चा रंग असेल तर आधी आतल्या शिवणीवर स्पिरिट लावून रंग जातो का पाहा. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅस बंद करून करा.